टिटवीवर धरलेली छत्री

साडू, तू मला अडकवून गेलास.

तुझ्या तेराव्याला जमलेली माणसं एकमेकांच्या कानात सांगत होती, "सुटला बिचारा." पाचशे माणसं होती. तू असतास तर भिंतीला टेकून, तोंडातली सुपारीही न हलवता म्हणाला असतास, "निम्मं वजा कर." मी अडीचशेवर आलो असतो. तू नुसतं बघितलं असतंस. असं उतरत उतरत आपण चाळीसपर्यंत आलो असतो, आणि चाळीसच होती. आता उतरवायला कोणी नाही. पाचशे म्हटले की पाचशे तसेच लटकून राहतात, छताच्या पंख्यासारखे. तू गेल्यापासून मी जे जे बोललो ते सगळं माझ्याच डोक्यावर लटकतंय रे.

नलू आणि कुंदा सख्ख्या बहिणी. थोरली माझ्या गळ्यात पडली, धाकटी तुझ्या, म्हणून आपण साडू. एरवी आपलं जमायचं काही कारणच नव्हतं. मी बोरिवलीचा, पंखे विकणारा. म्हणजे हवेचा धंदा. तू नाहूरचा, गिरणीत घडी खात्यात कापड मोजणारा. मी तोंड उघडलं की तू गज काढायचास. लग्नानंतर कितीतरी वर्षं आपण एकमेकांना "अहो दिगंबरराव", "अहो सदानंदराव" म्हणत होतो आणि दिवाळीला समोरासमोर बसून चकलीची भोकं न्याहाळत होतो.

मग संप झाला. गिरणीचं दार बंद झालं आणि त्याच्यामागोमाग तुझं तोंड. कुंदा नलूकडे येऊन रडली. "दिवसभर खिडकीत बसतात गं. वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत. काल मी मुद्दाम वाढलं नाही. रात्री तसेच झोपले." नलूने ते ऐकलं आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही एवढी बडबड करता, ती जरा तिकडे जाऊन करा. इथे आम्हाला तशीही नकोय."

म्हणून मी दर रविवारी नाहूरला येऊ लागलो. तुझ्यासमोर बसून गजाली मारायचो. मुलुंडच्या एका शेठजीच्या घरी मी असा पंखा बसवला की शेठजी गादीसकट उडाला, ही तुला आठवत असेल. तू खिडकीबाहेर बघत बसायचास. "निम्मं वजा" हेसुद्धा तेव्हा तू म्हणत नव्हतास. माझ्या आयुष्यात मला एवढा वाईट श्रोता मिळाला नव्हता, म्हणूनच मी येत राहिलो.

एका रविवारी मी सांगितलं, "खाडीपलीकडे एका बंगल्यात पंखे बसवायला होडीने चाललो होतो, तर किनाऱ्यावरचे गोटे उठून चालताना पाहिले. चांगले गोल गुळगुळीत गोटे. चार पावलं चालले आणि परत गोटे होऊन बसले." तुझी वैजू तेव्हा तिसरीत असेल. ती खदाखदा हसली. तू मात्र खिडकीतून मान वळवलीस.

"दाखवा," म्हणालास.

स्वयंपाकघरात कुंदाच्या हातातलं भांडं पडलं. कित्येक महिन्यांत तू कुणाकडे काही मागितलं नव्हतंस. आणि मागितलंस तर हे! मी सांगितलेलं दाखवायची वेळ माझ्यावर जन्मात कधी आली नव्हती.

जागा कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. बोरिवलीहून होडीत बसायचं, किंवा मुलुंडहून. सात शेंड्यांचा माड दिसला की डावीकडे वळायचं. माड हललेला असेल तर उजवीकडे. बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती एवढं खरं. भरती-ओहोटीचा हिशोब आपल्या कोकणातल्या माणसाला पाळण्यात शिकवतात. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितके वाजता पाणी. तिथी तू सांगितलीस, पाऊणपट मी केली. एवढंच ठरवायचं राहिलं की तितके वाजता पाणी भरलेलं असतं की उतरलेलं. मी म्हणतो, "उतरलेलं" असं तू म्हणालास. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास, "मी फक्त तिथी सांगितली."

ती दांडी आठवते ना? समुद्रात लांबवर गेलेली गोट्यांची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तिने अडवून धरलेलं खारं तळं, आणि तळ्याच्या पलीकडे तिवरांचं रान. तळ्यावर बगळे एवढे की अख्ख्या चाळीने एकदम धुणं वाळत घातलंय असं वाटावं. चिखलात निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या. एक मोठा नांगा वर करून खेकडे उभे होते, सगळे एकाच गाडीला हात दाखवत असल्यासारखे. यातलं काही वजा करायचं नाही. हे तू स्वतः पाहिलंयस.

दांडीच्या तोंडाशी पाण्याचा एक पट्टा होता, घोट्याएवढा. पलीकडे एक बांबू रोवलेला आणि त्याला जुन्या जाळ्याचा तुकडा बांधलेला. गावच्या कोळ्यांची ती खूण होती: शिमग्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत इथे कुणी पाय ठेवायचा नाही. आपल्याला काय माहीत! मला वाटलं, कुणीतरी सामान लटकवायची सोय केलीय. तू जेवणाच्या डब्याची पिशवी त्या जाळ्याला अडकवलीस, छत्री काखेत मारलीस, आणि आपण निघालो. घोट्याएवढं पाणी अजून उतरणार, या भरवशावर आरामात निघालो. मी पुढे, तू मागे.

डोक्यावर टिटव्या उठल्या. दहा हजार! बरं, पंधरावीस. टिव-टिव-टिव करत माझ्या टकलावर सूर मारत होत्या. मी हात हलवत, शिव्या देत चाललो होतो, आणि मागून तुझा आवाज आला.

"हालू नको मेल्या! पायाखाली बघ!"

अहो दिगंबरराव संपले ते तिथे. मी एक पाय उचललेला होता, तो तसाच हवेत राहिला. खाली बघितलं तर गोटे. नीट बघितलं तर त्यातले चार गोटे अंडी होते. मातकट, काळे ठिपके पडलेले, टोकं आत करून चौघं डोक्याला डोकं लावून बसल्यासारखे. आजूबाजूला बघायला लागलो तर इथे तीन, तिथे दोन, पलीकडे पुन्हा चार. टिटव्यांची, काळ्या टोपीच्या त्या चिमण्या पांढऱ्या पक्ष्यांची, आणखी कुणाकुणाची. आपण कसे काय तिथवर आलो होतो, आणि मागे काय काय तुडवलं होतं, देव जाणे. पुढे पाय टाकायला जागा नव्हती. मागे कुठून आलो ते कळत नव्हतं.

"पाणी," तू म्हणालास.

मी मागे बघितलं. घोट्याएवढा पट्टा कमरेएवढा झाला होता.

साडू, मी पुढे ही गोष्ट सांगताना मगर घातली, वादळ घातलं. खरं तर काहीच नव्हतं. वर स्वच्छ ऊन, आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू, आवाज न करता आत येणारं पाणी. बाहेरून समुद्र, आतून तळं. दांडीचा सुका माथा उरला होता चटईएवढा, आणि त्या चटईवर आपण दोघं आणि कुणाकुणाची बाळंतपणं. मला पोहता येत नाही हे मी मालवणचा असून आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हाही नाही सांगितलं. माझ्या मांड्या थरथरत होत्या, तू ते पाहिलंस आणि तळ्याकडे बघायला लागलास. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

तेवढ्यात तळ्याच्या बाजूने एक होडकं आलं. त्यात एक कोळीण, काठीने होडकं ढकलत. कालवं काढायला निघालेली असावी. लांबूनच तिने तोंड सोडलं.

"ए! कोन हाय रं तिकरं? पाय नको उचलू! जो पाय उचलशील तो कापून वाकटीवानी दोरीवर सुकत घालीन!"

मी म्हटलं, "मावशी, होडी जवळ आण. आम्ही उतरतो."

"मावशी तुजी घरी! कुठून उतरतंस? मधी किती घरटी हायत, दिसतान का तुला? डोले हायत का बटनं?"

"मग आम्ही काय करायचं?"

"उभं रावा. पानी उतरंल तवा मी नेन. माहेरवाशिनी हायत त्या, बालंतपनाला आल्यात आमच्याकरं. बालंतिनीच्या खोलीत पुरुषमानूस घुसतं का रं?"

यावर तू, कित्येक महिने तोंड न उघडलेला माणूस, खाली मान घालून म्हणालास, "नाही. चुकलं आमचं."

तिने होडकं तिवराच्या फांदीला बांधलं आणि आपल्यावर पहारा देत बसली. थोड्या वेळाने फडकं सोडून भाकरी आणि सुकट काढली. वास पाण्यावरून सरळ माझ्या नाकात. आपला डबा तिकडे बांबूवर लटकत होता. मी म्हटलं, "मावशी, तुकडाभर?" ती म्हणाली, "बालंतिनीच्या खोलीत जेवत नाय."

ऊन चढलं. माझं टक्कल पापडासारखं फुगायला लागलं. मी तुला म्हटलं, "सदा, छत्री उघड." तू उघडलीस. मी खाली शिरायला मान वाकवली, तर छत्री माझ्यावर आलीच नाही. तू ती खाली झुकवून तुझ्या पायाजवळच्या चार अंड्यांवर धरलीस.

"अरे, आपल्याला ऊन लागतंय!"

"आपण उकडून निघत नाही. ती निघतील. तिला येता येत नाहीये आपल्यामुळे."

ती टिटवी पाण्याच्या कडेला येरझाऱ्या घालत होती. पाण्यात पोट बुडवायची, ओल्या पोटाने धावत चार पावलं वर यायची, तुला बघून थबकायची, परत फिरायची. पुन्हा पोट भिजवायची. अंड्यांना गारवा द्यायला असं करतात त्या, हे होडक्यातून आपल्याला ओरडून कळलं. तू खिशातला रुमाल पाण्यात बुडवून त्या अंड्यांच्या बाजूला थेंब थेंब पिळलास. मग ताठ उभा राहिलास, हात लांब करून, छत्री खाली धरून.

मी पुढे सगळ्यांना सांगितलं की तू एका पायावर उभा होतास. ते माझं. तू दोन्ही पायांवर होतास. पण तू हात बदलला नाहीस. मी बघत होतो. माझ्याकडे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

वेळ जाईना म्हणून मी त्या बाईला मालवणची हकिकत सांगायला घेतली. लहानपणी मी देवमाशाच्या पाठीवर बसून मसुऱ्याला मामाकडे गेलो होतो, ती. ती भाकरी चघळत ऐकत होती. आणि मी देवमाशाला मामाच्या अंगणात बांधत असताना तू मध्येच, मान न वळवता, बोलायला लागलास.

"घरात बसून अंग आंबलंय रे दिगू. तिथे कुणी ऊठ म्हणत नाही, कुणी बस म्हणत नाही. सकाळी अजून हात आपोआप डब्याकडे जातो. मग आठवतं की डबा भरलेलाच नाही. इथे निदान ही टिटवी तरी म्हणतेय, हालू नको."

एवढंच. देवमासा तसाच मामाच्या अंगणात राहिला.

मग ती आली. ओल्या पोटाची टिटवी, पिवळ्या काटक्यांसारखे पाय टाकत, तुझ्या वहाणेला वळसा घालून सरळ छत्रीखाली शिरली आणि अंडी पोटाखाली घेऊन बसली. तुझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर. बाकीच्या टिटव्या अजून ओरडत होत्या, ती गप्प. होडक्यात भाकरी चघळणंही थांबलं. तू श्वास घेत होतास की नाही कोण जाणे.

आणि तिच्यापलीकडे एक गोटा उठला. गोट्याच्या रंगाचं, गोट्याएवढं पिल्लू. चार पावलं तुरुतुरु चाललं आणि परत गोटा होऊन बसलं.

"चालतात रे," तू म्हणालास, आणि हसलास. मोठ्याने हसता येईना, टिटवी उठली असती. म्हणून सगळं हसू पोटात, खांदे गदगदतायत, डोळ्यांतून पाणी, आणि छत्री मात्र जागची हलत नाही. मी तुला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटतं कुंदानेही पाहिलं नसावं.

पाणी उतरल्यावर तिने आपल्याला बाहेर काढलं. ती पुढे, तिच्या पावलावर पाऊल टाकत तू, तुझ्या पावलावर मी. बांबूपाशी आल्यावर तिने तुझी पिशवी काढून दिली आणि खालून एक गोटा उचलून तुझ्या तळहातावर ठेवला.

"बोल. ही जागा कोनाला सांगनार नाय. इथं काय बघितलं तां पन नाय. बायकोला नाय, पोरीला नाय. लोकं अंडी न्यायला येतान."

तू गोटा घट्ट धरून म्हणालास, "नाही सांगणार."

मीही हात पुढे केला. म्हटलं, "मला पण दे. मीही शपथ घेतो."

ती माझ्या तोंडाकडे बघून अशी हसली की तिवरातले बगळे उडाले. "तू? तू बोल रं गावभर! मगाधरनं ऐकतंय तुला. तुजं कोन खरं मानतंय!"

तो गोटा तिने तुला नेऊ दिला. "दारात ठेव," म्हणाली. "तोंड उघडावं वाटलं का याच्याकरं बघ."

घरी आलो तर कुंदाने विचारलं, "काय पाहिलंत?" मी सुरू झालो. छत्री, टिटवी, चालणारे गोटे, सगळं. वर मगर. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू दारापाशी वाकून, दार आपटू नये म्हणून तिथे तो गोटा ठेवत होतास. म्हणालास, "दिगूची गजाल आहे. निम्मं वजा करा." नलू तर म्हणाली, "उन्हात फिरून आलात, डोक्यावर परिणाम झालाय." वर बजावलं, "टिटवी ओरडली म्हणजे कुणीतरी जाणार, असलं घरात सांगू नका." त्या दिवशी माझ्या डोक्यावर जेवढ्या टिटव्या ओरडल्या, त्या हिशोबाने अख्खं बोरिवली रिकामं व्हायला हवं होतं. गेलास तो एकटा तू, आणि तेही कितीतरी उन्हाळ्यांनी.

माझ्या आयुष्यात एकच गोष्ट अशी घडली की जिला फुगवायची गरज नव्हती. आणि तिचा एकमेव साक्षीदार समोर बसून "निम्मं वजा करा" म्हणत होता! तुझा राग यायचा मला. नंतर तुला विक्रोळीला कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली, तू पुन्हा माणसात आलास, बोलायला लागलास, तरी हे नाही बोललास. मी लग्नांत, बारशांत, पंखे बसवताना शिडीवर उभा राहून ही गोष्ट सांगत सुटलो. आणि जितकी सांगितली तितकी ती खोटी होत गेली. मग हळूहळू मला कळलं की त्या बाईने दोघांनाही कामाला लावलंय. तुझ्या गप्प बसण्याने ती जागा जेवढी राखली, तेवढीच माझ्या बोलण्याने राखली. दिगंबरने सांगितलेल्या ठिकाणी जायला होडी कोण काढणार?

हॉस्पिटलात शेवटच्या भेटीत मी तुझ्या कानाशी लागलो. म्हटलं, "आता तरी सांग, पाण्याचं चुकलं कुणाचं?" तू डोळे न उघडता म्हणालास, "तिथी बरोबर होती." मी म्हटलं, "पाऊणपटही बरोबर होती." मग नर्सने मला बाहेर काढलं. भांडण तिथेच उभं आहे.

आता तेराव्याचं सांगतो. पंगत उठली होती. तुझा धाकटा भाऊ मधू दारात उभा राहून विडा खात होता. त्याचा रेती-खडीचा धंदा जोरात आहे, मुलुंडला इमारतींवर इमारती उठतायत. पाय लागला म्हणून त्याने खाली बघितलं आणि तुझा गोटा उचलला. पोटावर घासला, उजेडात धरला. धंदेवाईक नजर ती.

"दिगूदादा, हा समुद्राचा गोटा. असा माल आपल्याकडे मिळत नाही. बंगलेवाले अंगणात पसरायला मागतात, ट्रकच्या ट्रक जातील." मग माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही ती चालणाऱ्या गोट्यांची गजाल सांगायचात ना, दादा आणि तुम्ही अडकला होतात ती? ती जागा खरी आहे की काय?"

कुंदा बघत होती. आणि भिंतीपाशी, तुझ्या जागेवर, वैजू बसली होती. आता कॉलेजात जाते रे ती. तुझ्यासारखीच बसते, टेकून. तिने विचारलं, "काका, बाबांनी खरंच छत्री धरली होती? टिटवीवर?"

अडकलो. पाणी दोन्ही बाजूंनी आत येत होतं. तिला खिडकीत बसलेला, निम्मं वजा करणारा बाप ठाऊक. पोटातल्या पोटात हसणारा बाप तिने पाहिलेला नाही, आणि तो पाहिलेला जगात मी एकटा उरलोय. "हो" म्हणायचं एवढंच होतं. माझ्या बोलण्यावर नसेल ठेवला कुणी विश्वास, पण दारात साक्षात गोटा होता, आणि तो मधूच्या हातात होता. मी हो म्हटलं असतं तर पुढच्या शिमग्याच्या आत त्या बांबूपाशी ट्रक उभा राहिला असता. माहेरवाशिणी कुठे गेल्या असत्या?

मी बोलायला लागलो. साडू, असा मी जन्मात बोललो नव्हतो. म्हटलं, "छत्री? मधू, छत्री कसली, सर्कशीचा तंबू होता! टिटवी ही एवढी, म्हशीएवढी! सदा एका पायावर तीन दिवस उभा, आणि मी मगरीशी पत्ते खेळतोय! आणि हा गोटा तिथला नव्हे, घाटकोपरच्या बाजारात मी याला पकडलं. पळत चालला होता. अजून बघ, रात्री दारातून उठून स्वयंपाकघरात जातो, कुंदाला विचार, मसाला वाटून ठेवतो!"

लोक हसायला लागले. तेराव्याला, तुझ्या फोटोसमोर हसले. मधूही हसला, म्हणाला, "तुम्ही म्हणजे कमाल आहात," आणि गोटा परत दाराशी टाकून हात धुवायला गेला. नलूने मला डोळ्यांनीच जाळलं.

वैजू हसली नाही. उठून आत गेली.

मी तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. तुझी सगळ्यात चांगली दुपार मी तुझ्याच घरात, तुझ्या पोरीसमोर, मगरीच्या तोंडात दिली होती. ती पुन्हा बाहेर काढायला आता कुणी उरलं नाही. दांडी शाबूत राहिली आणि तू बुडालास.

चपला घालून मी जिना उतरत होतो. नलू मागे थांबणार होती. भर दुपार, पत्र्यांवरून उन्हाची झळ येत होती. वरून पावलं वाजली.

"काका."

वैजू होती. हातात तुझी काळी छत्री, तीच, मुठीला दोरा गुंडाळलेली.

"ऊन आहे. ही न्या."

मी म्हटलं, "असू दे गं, मला कशाला."

ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "मी निम्मं वजा केलं. मग उरलेल्यातलं निम्मं केलं. तंबू गेला, मगर गेली, म्हैस गेली. तीन दिवस पण गेले. छत्री जात नाही, काका. कितीही वजा केलं तरी."

मी हात पुढे केला. तिने पुढे काही विचारलं नाही. छत्री माझ्या हातात दिली, आणि वर जाताना दारातला गोटा पायाने सरकवून नीट जागेवर लावल्याचा आवाज मला खालपर्यंत आला.

मधूने हे वाचलं तरी हरकत नाही. खाली माझं नाव छापलेलं असेल, तेवढा बंदोबस्त पुरे आहे.

रस्त्यावर येऊन मी छत्री उघडली. तुझ्या घरापासून नाहूर स्टेशनापर्यंत, त्या उन्हात, ती तशीच धरून गेलो, आणि एकदाही हात बदलला नाही.

दोनदा बदलला. आता वजा करायला तू नाहीस, म्हणून आधीच सांगून टाकतो.